रेंज कुणाची घ्यायची?

बचत गटाच्या बैठकीत आपण बियाणं कुठून आणायचं यावर तासभर बोलतो. शेळी घ्यायची तर तिचे दात बघतो, कास बघतो. पण मोबाईलचं सिम घेताना काय बघतो? दुकानदार म्हणाला, “ताई, हे घ्या, ऑफर आहे,” की घेतलं. नाहीतर दिराने आणून दिलं, भावाने जुनं होतं ते दिलं. पुढची पाच-सात वर्षं तेच सिम, आणि रेंज आली नाही की नशिबाला बोल.

पूर्वी हे चालून जात होतं. फोन म्हणजे बोलणं, नाही लागला तर उद्या लावू. आता तसं नाही. २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली तेव्हा काय झालं ते आठवा. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी यायचा. बाईचा एक, आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा एक. आपल्या डहाणू-तलासरीतले कितीतरी पुरुष गुजरातच्या बंदरांत मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. बाई डहाणूला कॉम्प्युटरसमोर बसलेली, नवऱ्याचा ओटीपी समुद्रात, आणि तो आकडा थोड्याच मिनिटांत बाद होणारा. महिन्याचे दीड हजार रुपये अशा एका मेसेजवर लटकलेले. बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज, गॅसच्या नोंदणीचा मेसेज, आशाताईचा फोन, १०८ ची गाडी, सगळं त्याच सिमवर.

म्हणून आज नेटवर्क कसं निवडायचं ते बोलूया. कुठली कंपनी चांगली ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ते माझ्या घरापुरतं खरं असेल, तुमच्या घरी खोटं ठरेल. का ते आधी बघू.

टॉवर म्हणजे आकाशात लावलेला दिवा समजा. दिव्याचा उजेड सरळ जातो, मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली पडते. रेंजचंही तसंच. आशागड डहाणू-जव्हार रस्त्यावर आहे. रस्त्याच्या कडेला, बाजारात, दुकानांपाशी रेंज बरी मिळणार, कारण कंपन्या टॉवर उभारताना माणसांची आणि गाड्यांची गर्दी बघतात. पण तिथून आत वळलं, ओहोळ ओलांडून खोलगट भागातल्या पाड्यावर गेलं, की त्याच कंपनीच्या चार दांड्यांची एक दांडी होते. पाड्यातही वरच्या घराला रेंज आणि खालच्या घराला नाही, हे आपण बघतोच. दाट झाडी आणि भिंतीसुद्धा रेंज खातात. कुडाच्या घरात फोन लागतो आणि स्लॅबच्या घरात दाराशी यावं लागतं, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट लहरींची. प्रत्येक कंपनीला सरकारकडून वेगवेगळ्या लहरी लिलावात मिळालेल्या असतात. काही लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही आत शिरतात, काही जवळच विरतात पण जास्त माणसांचं काम उरकतात. म्हणून एकाच टॉवरच्या सांगाड्यावर दोन कंपन्यांची यंत्रं असली तरी तुमच्या ओसरीवर एकीची रेंज पोचते, दुसरीची नाही. आणि ५जी हा शब्द ऐकून सिम बदलू नका. आपल्या देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, शहरात त्याचा उपयोग असेल. ज्या पाड्यावर साधा कॉल तुटतो तिथे आधी कॉल टिकणं महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती विजेची. टॉवर विजेवर चालतो. लाईट गेली की बॅटरीवर जातो, ती काही तास पुरते. पुढे जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तर चालतो, नाहीतर बंद. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट रात्रभर जाते आणि नेमकी त्याच वेळी बाळंतपणाची घाई होते. जानेवारीच्या कोरड्या दुपारी छान वाटलेलं नेटवर्क आषाढात दगा देतं ते यामुळे.

तेव्हा कंपनी ओळखीच्या माणसाला विचारून ठरवू नका, जाहिरात बघून तर नाहीच. आपल्या दारात तपासा. त्याला पैसे लागत नाहीत, कारण दहा-बारा बायांच्या गटात बहुतेक सगळ्या कंपन्यांची सिमं आधीच असतात. आज मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्या मुख्यतः चारच आहेत: जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया म्हणजे व्ही, आणि सरकारी बीएसएनएल.

बैठकीच्या दिवशी सगळ्यांनी फोन चार्ज करून आणायचे. चारही कंपन्यांचे एकेक फोन निवडायचे आणि ते घेऊन पाड्यातून फेरी मारायची. फेरी कुठे? जिथे तुम्हाला फोन खरंच लागतो तिथे. चुलीपाशी, कारण दिवसाचा निम्मा वेळ तिथे जातो. झोपण्याच्या जागी, कारण रात्रीचा फोन तिथून लावायचा असतो. विहिरीवर, शेतात, अंगणवाडीत, आणि गाडी येऊन थांबते त्या रस्त्याच्या टोकाला. प्रत्येक ठिकाणी नुसत्या दांड्या बघायच्या नाहीत. दांड्या फसवतात. दांड्या पूर्ण असतात पण टॉवरवर गर्दी इतकी की कॉल लागतच नाही. म्हणून प्रत्येक फोनवरून कॉल लावायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. आवाज तुटतो का? समोरचीला ऐकू येतं का? मग एक एसएमएस पाठवायचा आणि तो किती वेळात पोचतो ते मोजायचं. ओटीपी म्हणजे तरी दुसरं काय, एसएमएसच.

हे एकदा करून भागत नाही. सकाळी एकदा करा. रात्री आठ-नऊला एकदा, कारण तेव्हा सगळा गाव व्हिडिओ बघत असतो आणि टॉवरवर सर्वांत जास्त ताण असतो. आणि लाईट जाऊन तीन-चार तास झालेत अशा वेळी एकदा नक्की करा. माझ्या मते ही तिसरी परीक्षा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी. निकाल गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा: कुठल्या घरी कुठली कंपनी लागते. या पानाचा उपयोग पुढे सांगते.

कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे आपल्या वेबसाईटवर लावले पाहिजेत, असा नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२४ साली केला. आता ते नकाशे बघायला मिळतात. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, ती फोनवर उघडून आशागड शोधून देईल. पण नकाशात रंग भरला म्हणजे तुमच्या चुलीपाशी रेंज आली असं नाही. नकाशावरून कुठल्या दोन कंपन्या तपासायच्या एवढं ठरवा, बाकीचं पायांनी.

आता आपल्या भागाची एक खास अडचण. तलासरीची हद्द गुजरातला आणि दादरा-नगर हवेलीला लागून आहे. सरकारने देशाचे दूरसंचार विभाग पाडलेत. आपला पालघर जिल्हा महाराष्ट्र विभागात, आणि उंबरगाव, वापी, सिल्वासा हे गुजरात विभागात. हद्दीजवळच्या पाड्यांत फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. बहुतेक पॅकमध्ये रोमिंग धरलेलं असतं, त्यामुळे वेगळे पैसे जात नाहीत. पण फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर इंटरनेट अचानक थांबतं, आणि आपण म्हणतो सिम खराब. आधी ती खूण चालू करून बघा. कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलींनी तिकडे घेतलेलं सिम गुजरात विभागाचं असतं, हेही ध्यानात ठेवा. ते इकडच्या कंपनीत न्यायचं तर दिवस जास्त लागतात.

आणि स्थलांतर. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, होळीला परत येतात. अशा घराने नेटवर्क दोन्ही ठिकाणी तपासायला हवं. दोन सिमांचा फोन असेल तर उत्तम. आधारचा नंबर एका खाचेत कायम ठेवायचा आणि दुसऱ्या खाचेत तिथे चालणारं सिम. मात्र पहिलं सिम पडून राहू देऊ नका. ९० दिवस त्यावरून काहीच वापर झाला नाही, कॉल नाही, एसएमएस नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याच कुणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जातो, आणि तुम्हाला कळतही नाही.

म्हणूनच सांगते, कंपनी बदला पण नंबर बदलू नका. नवं सिम घ्यायला सोपं वाटतं. दुकानदार पाच मिनिटांत देतो, वर महिनाभराचं रिचार्ज फुकट. पण मग आधारमध्ये नंबर बदला, बँकेत बदला, गटाच्या खात्यात बदला, रेशनमध्ये बदला. आपल्याकडच्या बहुतेकींना आधारसाठी केंद्रच गाठावं लागतं, तो दिवसाच्या मजुरीचा आणि गाडीभाड्याचा खर्च. त्यापेक्षा तोच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यावा. याला पोर्ट करणं म्हणतात. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे.

पोर्ट कसं करायचं? ज्या नंबरची कंपनी बदलायची त्याच नंबरवरून १९०० वर एसएमएस करायचा. त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहायचं, पी-ओ-आर-टी, मग थोडी जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उलट एक आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्या महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. चार दिवसांत नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं, कोड द्यायचा, नवं सिम घ्यायचं. एकाच विभागात बदल असेल तर तीन कामाचे दिवस लागतात, गुजरातचं सिम महाराष्ट्रात आणायचं तर पाच. तोवर जुनं सिम चालू राहतं. जुन्याची रेंज गेली की नवं टाकायचं. हा बदल बहुधा रात्री होतो आणि काही तास फोन बंद असतो, म्हणून घरात कुणी आजारी असेल किंवा बाई दिवस भरलेली असेल तर तो आठवडा टाळा. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं.

तीन-चार गोष्टी आधी बघून घ्या. त्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. सिम हरवून नुकतंच दुसरं काढलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे आणि तो चोरांना अडवण्यासाठी आहे. जुन्या सिमवरचा शिल्लक पॅक नव्या कंपनीत जात नाही, तेव्हा वैधता संपत आली की पोर्ट करा, कालच वर्षाचा पॅक मारला असेल तर करू नका. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी १९०० वरचा हा एक एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. दुकानदार “आधी मोठं रिचार्ज करा, मगच कोड येईल” म्हणाला तर हे त्याला सांगा.

आणि तो कोड म्हणजे घराची किल्ली. फोनवर कुणी मागितला तर देऊ नका. दुकानात अंगठा देताना यंत्र एकदा “झालं नाही” म्हणतं आणि दुकानदार पुन्हा अंगठा मागतो. काबाडकष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तेव्हा खरंच पुन्हा लागू शकतो. पण काही ठिकाणी दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाने आणखी एक सिम निघतं आणि ते फसवणुकीच्या धंद्यात जातं. सरकारच्या संचार साथी या वेबसाईटवर तुमच्या नावावर किती सिमं आहेत ते दिसतं. सहा महिन्यांतून एकदा बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. सिम आपल्याच नावावर असावं हेही यातच आलं. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावरचं सिम ते केव्हाही बंद करू शकतात, आणि पोर्ट करायलाही त्यांचाच अंगठा लागतो.

आता फोनचं. सिम चांगलं पण फोनलाच ते पेलत नाही, असं होतं. जिओचं नेटवर्क ४जी आणि ५जीचंच आहे, म्हणून जुन्या २जी बटणाच्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, ४जीचा बटणाचा फोन लागतो. बीएसएनएलचं तर गेल्या दोन वर्षांत पुष्कळ बोललं गेलं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा स्वस्त म्हणून खूप जण तिकडे गेले. त्या वेळी बीएसएनएलचे ४जी टॉवर थोडे होते. २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं देशी बनावटीचं ४जी देशभरासाठी सुरू झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा दोन वर्षांपूर्वी कुणी “बीएसएनएल लागत नाही” म्हटलं असेल तर पुन्हा तपासा, आणि स्वस्त आहे म्हणून न तपासता घेऊही नका. तुमचा फोन त्या ४जीच्या लहरी पकडतो की नाही हेही दुसऱ्याचं सिम घालून आधी बघा.

पैशाचं थोडक्यात. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचाही पॅक ठेवला पाहिजे, आणि ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक ठेवला पाहिजे, हे ट्रायचे नियम आहेत. दुसरा नियम डिसेंबर २०२४ चा. दुकानदार हे पॅक आपणहून दाखवत नाही. सासूबाईंच्या बटणाच्या फोनला रोजचा दोन जीबी कशाला? नाव घेऊन मागा.

रेंजइतकीच महत्त्वाची कंपनीची सेवा, कारण कधी ना कधी बिघाड होणारच. सेवेची परीक्षाही आधीच घेता येते. मैत्रिणीच्या फोनवरून त्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, १९८ वर, फोन लावा. हा फोन फुकट असतो. मराठीत बोलता येतं का? “एक दाबा, दोन दाबा” करत माणूस भेटायला किती वेळ लागतो? माणसाशी बोलायचं असेल तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा दीड मिनिटात त्याने फोन घेतला पाहिजे, असा निकष आहे. घड्याळ लावून बघा. आणखी एक, कंपनीचं स्वतःचं दुकान कुठे आहे ते विचारा. गावातला रिचार्जवाला कंपनीचा माणूस नसतो. सिम हरवलं तर कुठवर जावं लागेल, डहाणू की पालघर, हे घेण्याआधी माहीत हवं.

तक्रार केली की तक्रार क्रमांक मागायचाच. तो मेसेजनेही येतो. क्रमांक नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नाही असं समजतात. ठरल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. पैसे चोरीला गेले असतील तर मात्र यातलं काहीच नको, थेट १९३० वर फोन करा, लगेच.

आणि जिथे चारही फोन मुके आहेत, तिथे? तिथे एकटीची तक्रार पोचत नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसाखाली येतात. पाड्याच्या ग्रामसभेत ठराव घ्या: इतकी घरं, इतक्या अंतरावर पहिली रेंज, सोबत आपल्या वहीतल्या पानाची नक्कल. तो ठराव ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बीएसएनएलकडे पाठवा. रेंज नसलेल्या गावांसाठी केंद्राच्या निधीतून टॉवर उभारण्याची योजना २०२२ पासून चालू आहे. जानेवारी २०२५ पासून या सरकारी निधीतल्या टॉवरवर बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल या तिघांच्या ग्राहकांना एकाच टॉवरचं ४जी वापरता यावं अशी सोयही केली आहे. म्हणजे टॉवर आला तर कुठल्या कंपनीचा यावरून गावात भांडायची गरज नाही.

आता त्या मागच्या पानाकडे येते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हाची अवस्था तुम्ही पाहिली आहे. धक्का बसला की सगळे एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. अशा वेळी कॉलपेक्षा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त. “आम्ही बरे आहोत” एवढा मेसेज करून फोन ठेवून द्यायचा. फोनवर “फक्त आपत्कालीन कॉल” असं दिसत असलं तरी ११२ लावून बघायचं, जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो जाऊ शकतो. घरात दोन फोन असतील तर दोघांवर एकाच कंपनीचं सिम ठेवू नका. एक टॉवर झोपला तर दुसरा जागा असेल. आणि पाड्यात कुठल्या घरी कुठली कंपनी लागते ते पान आशाताईला आणि अंगणवाडी ताईला द्या, एक प्रत अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवा. मध्यरात्री कुणाला कळा सुरू झाल्या आणि तिच्या घरचा फोन मुका असला, तर कुणाचं दार ठोठवायचं हे त्या पानावर लिहिलेलं असेल. दर पावसाळ्याच्या तोंडावर पान नव्याने भरा. टॉवर बदलतात, सिमं बदलतात, आणि वरच्या घरची माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात.